आयपी बदलून द्या, पण नोंद चोख ठेवा

रावेतच्या सोसायट्यांत हिंजवडीला नोकरी करणारे राहतात, चाकण-भोसरीच्या कारखान्यांत शिफ्ट करणारे राहतात आणि आसपासच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुले भाड्याने राहतात. या सगळ्यांकडून आपल्या इंटरनेट पुरवठादारांच्या ऑफिसात एक फोन हमखास येतो: ‘माझा आयपी बदलून द्या.’ कुणाला बँकेची साइट उघडत नाही, कुणाला गेमच्या सर्व्हरने बाहेर काढलेले असते, कुणाला प्रत्येक पानावर ‘तुम्ही यंत्रमानव नाही ना’ हे सिद्ध करावे लागते. फोनवरचा मुलगा पाठ झालेले उत्तर देतो: राउटर दहा मिनिटे बंद ठेवा.

हे उत्तर एके काळी बरोबर होते. पीपीपीओईचे सत्र तुटले की पूलमधला दुसरा सार्वजनिक पत्ता मिळायचा. डीएचसीपी असेल तिथे मात्र लीज राउटरच्या मॅक पत्त्याला बांधलेली असते. लीज संपेपर्यंत, आणि पुष्कळदा त्यानंतरही, तोच आयपी परत येतो. तिथे राउटरमध्ये मॅक बदलावा लागतो किंवा आपल्याला आपल्या बाजूने लीज मोडावी लागते. आज बहुतेक ठिकाणी या दोन्हींचा उपयोग नाही. राउटरच्या पानावर वॅनचा पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर ग्राहक सीजीनॅटच्या मागे आहे. राउटर रात्रभर बंद ठेवला तरी आतला पत्ता फार तर बदलेल. जगाला दिसणारा पत्ता ठरतो आपल्या नॅटच्या पेटीत, आणि तो शेजारच्या कितीतरी घरांसोबत वाटलेला असतो. त्यातल्या एकाच्या संगणकातून स्पॅम सुटला की काळ्या यादीत सगळेच जातात. अशा तक्रारीला राउटर बंद करायला सांगणे म्हणजे ग्राहकाचा वेळ घालवणे आहे. त्याला नॅटच्या दुसऱ्या सार्वजनिक पत्त्यावर हलवा, काळ्या यादीतून नाव काढण्याचा अर्ज करा आणि स्पॅम कुणाकडून सुटतोय ते शोधा.

ही टंचाई आपण निर्माण केलेली नाही. आयपीव्ही ४ चे जागतिक कोठार फेब्रुवारी २०११ मध्ये रिकामे झाले आणि आशिया-पॅसिफिकचा वाटा त्याच वर्षी १५ एप्रिलला शेवटच्या तुकड्यावर आला. २०१९ पासून या विभागाचे पत्ते वाटणाऱ्या एपनिकच्या नियमाने नव्या सदस्याला जास्तीत जास्त ५१२ पत्ते मिळतात. रावेतच्या एका मोठ्या गृहप्रकल्पातही त्याहून जास्त फ्लॅट असू शकतात. त्यामुळे पत्ता वाटून घेण्यावाचून इलाज नाही. तो कुणाला, कधी, कितव्या पोर्टापासून कितव्या पोर्टापर्यंत दिला याची नोंद ठेवणे मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे.

या नोंदीची किंमत पुण्याइतकी दुसऱ्या कुठल्या शहराला माहीत असावी असे वाटत नाही. २००७ च्या ऑगस्टअखेरीस पुणे पोलिसांनी बंगळूरूच्या एका तरुण सॉफ्टवेअर अभियंत्याला अटक केली. ऑर्कुटवर छत्रपती शिवाजी महाराजांविषयी बदनामीकारक मजकूर टाकल्याचा त्याच्यावर आरोप होता. मजकुराच्या आयपीवरून सेवा पुरवठादाराने ग्राहकाचे नाव कळवले होते आणि ते चुकीच्या ग्राहकाचे निघाले. हे उघड होईपर्यंत त्या तरुणाचे पन्नास दिवस येरवड्याच्या तुरुंगात गेले. आपल्या व्यवसायात शिरणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या आठवड्यात हे प्रकरण सांगितले गेले पाहिजे. पोलिसांकडे पुरावा म्हणून जो कागद होता, तो आपल्यासारख्याच एका ऑफिसातून गेला होता.

तेव्हा सीजीनॅटचा आजच्यासारखा प्रसार नव्हता. आज पोलिसांच्या नोटिशीत नुसता आयपी आणि वेळ असेल, तर आपल्याला इमारत कळते, फ्लॅट कळत नाही. फ्लॅटचा नंबर म्हणजे पोर्ट. म्हणूनच सर्व्हर चालवणाऱ्यांनी वेळेसोबत समोरचा पोर्टही नोंदवावा, अशी शिफारस आयईटीएफने २०११ मध्येच आरएफसी ६३०२ मध्ये केली होती. ती सगळे पाळत नाहीत. तेव्हा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली माहिती मागणारी नोटीस आली आणि तिच्यात पोर्ट नसेल, तर अंदाजाने एक नाव देऊ नका. त्या क्षणी त्या पत्त्यावर किती ग्राहक होते ते लिहा, पोर्ट किंवा पलीकडच्या सर्व्हरचा पत्ता मागा, आणि हे सगळे लेखी ठेवा. समोरचा अधिकारी घाईत असतो आणि ‘एक नाव द्या हो’ असा आग्रह होतो. त्या आग्रहाला बळी पडणे हा आपल्या धंद्यातला सर्वांत मोठा अपराध आहे, असे आम्ही मानतो.

वेळेची गोष्ट तितकीच गंभीर आहे. परदेशातल्या सर्व्हरची नोंद बहुधा यूटीसीत असते. तिथले १४ तारखेचे रात्री ८.१० म्हणजे आपल्याकडे १५ तारखेच्या पहाटेचे १.४०. हे साडेपाच तास विसरले की तारीखही बदलते आणि माणूसही. वीज गेली, ओएनटी पुन्हा सुरू झाला, नवे सत्र नवा पत्ता घेऊन आले, असे रावेतला पावसाळ्यात एका संध्याकाळी अनेकदा घडते. मायक्रोटिकचे घड्याळ चार मिनिटे मागे असेल, तर तेवढ्यात पत्ता दुसऱ्या घरी गेलेला असू शकतो. सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायला आणि लॉग १८० दिवस ठेवायला सांगितले. दूरसंचार विभागाने डिसेंबर २०२१ मध्ये परवान्याखालच्या नोंदींची मुदत एक वर्षावरून दोन वर्षांवर नेली. एनटीपी लावायला पाच मिनिटे लागतात. तेवढे आज करा.

लॉगचा आकार झेपत नाही, ही तक्रार खरी आहे. प्रत्येक जोडणीची ओळ लिहायला गेलो तर डिस्क भरत राहते. त्यावर पोर्टांचे गठ्ठे पाडणे हा उत्तम उपाय आहे. पहिले १,०२४ पोर्ट सोडले तर एका पत्त्यावर ६४,५१२ उरतात. ग्राहकाला १,००८ पोर्टांचा गठ्ठा दिला तर एका पत्त्यावर ६४ घरे बसतात, आणि नोंद जोडणीमागे न होता गठ्ठ्यामागे एक ओळ होते. गठ्ठा निम्मा करून १२८ घरे बसवायचा मोह होतो. पण चार माणसांच्या घरात फोन, टीव्ही आणि कॅमेरे धरले तर ५०४ पोर्ट कमी पडतात.

ग्राहकालाही खरे सांगावे. आयपी बदलल्याने तो अदृश्य होत नाही. लॉगिन केलेले खाते, ब्राउझरमधल्या कुकीज आणि आपली नोंद तशीच राहते. चाकणच्या वर्कशॉपवाल्याला घरून डीव्हीआर बघायचा असेल, तर सीजीनॅटमागे पोर्ट फॉरवर्डिंग चालणार नाही हे कनेक्शन विकतानाच बोला. त्याला स्थिर पत्ता हवा, आणि त्याचे पैसे वेगळे.

आयपीव्ही ६ बद्दल आपली चालढकल आता खपण्यासारखी नाही. २०१६ मध्ये जिओ आल्यापासून भारतातला मोबाइल या बाबतीत जगात पुढे गेला. एकाच घरात मोबाइल डेटावर आयपीव्ही ६ मिळतो आणि आपल्या फायबरवर मिळत नाही, हे चित्र आपल्याला शोभत नाही. आयपीव्ही ६ मध्ये प्रत्येक घराला स्वतःचा प्रीफिक्स मिळतो. शेजाऱ्याच्या स्पॅमचा भुर्दंड बराच हलका होतो, कारण गूगल, यूट्यूब, फेसबुक अशी मोठी वाहतूक नॅटला वळसा घालून जाते आणि नॅटचा लॉगही त्या प्रमाणात आटतो. बहुतेक नव्या ओएनटीमध्ये ही सोय असते, फक्त बंद करून ठेवलेली असते. दिवाळीपूर्वी रावेत-पुनावळ्याच्या ज्या नव्या इमारतींत तुम्ही फायबर चढवणार आहात, तिथे निदान ती सुरू करून द्या.