शब्द कुणाचा?
पाथर्डी तालुक्यातल्या मढीला, कानिफनाथांच्या यात्रेत, गाढवांचा बाजार भरतो. नवखं गिऱ्हाईक जनावराचा जबडा उघडून दात बघतं. मुरलेलं आधी विचारतं, चांगलं म्हणतंय कोण? १९९८ साली लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी गूगलच्या पेजरँकमध्ये, म्हणजे वेबपानांची क्रमवारी लावायच्या पद्धतीत, हाच प्रश्न गणितात बसवला. एका पानाने दुसऱ्याला दिलेली लिंक म्हणजे शिफारस. ज्याची पत मोठी, त्याच्या शब्दाला वजन जास्त. पण तो शंभरांना वाखाणत सुटला की तेच वजन शंभरांत वाटलं जातं. (पुढाऱ्यांच्या शिफारसपत्रांना हा नियम कधी लागणार?) पुढे लोक लिंकाही विकत घेऊ लागले, दलालांनी एकमेकांच्या गाढवांना घोडा म्हणावं तसं. गूगल त्या हेरून बाद करतं, काही निसटतातच.