नाव लहान असावी की मोठी?

काशीच्या दशाश्वमेध घाटाशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. पेशवाईत तो बांधला गेला आणि १७७४ मध्ये अहिल्याबाई होळकरांनी त्याचा जीर्णोद्धार केला. त्याच पायऱ्यांवर परवा संध्याकाळी एका नावाड्याच्या घरातील वाद ऐकण्याचा योग आला. वाद होता नावेचा. पण तसे प्रसंग कोणत्याही संसारात येतात.

मुलाचे म्हणणे असे : “बाबूजी, ही जुनी डोंगी विकू या. कर्ज काढून यंत्राची मोठी नाव घेऊ. देवदीपावलीच्या एका रात्रीत केवढी कमाई होईल!” बाप मात्र डोंगीच्या काठावरून हात फिरवीत गप्प बसला होता.

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. सपाट तळाच्या नावेचा भार रुंद तळावर पसरतो, त्यामुळे ती पाण्यात फारशी बुडत नाही. येथे गंगा उत्तरवाहिनी आहे. घाटांच्या बाजूस पाणी खोल, तर पैलतीरी वाळू. उन्हाळ्यात पाणी ओसरले की डोंगी थेट वाळूला लागते; मोठ्या नावेला खोल पाण्यातच थांबावे लागते. डोंगीला एक माणूस व दोन वल्ही पुरतात. जाळे टाकण्यासही ती सोयीची. उलट मोठी नाव लाटांना दाद देत नाही, अधिक उतारू नेते. पण तिला इंधन, दुरुस्ती व जादा माणसे लागतात. डोंगीतही एक धोका आहे. पाय ठेवताच ती स्थिर वाटते. परंतु सारे उतारू एका बाजूस सरकले, की एका मर्यादेनंतर ती एकाएकी उलटते. म्हणून माणसे मोजून घेणे व प्रत्येकाला तरंगजाकीट देणे हे नावाड्याचे कर्तव्यच होय.

इतका वेळ ओल्या जाळ्याची गाठ सोडवीत बसलेल्या सूनबाईंनी तेव्हा एकच प्रश्न विचारला : “पुरात नाव बांधून ठेवावी लागते, तेव्हा हप्ता कोण भरणार?”

या प्रश्नाला वजन होते. वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे. १९७८ च्या महापुरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. पुराच्या दिवसांत प्रशासन नौकानयन बंद करते. नदी थांबविते, सावकार थांबत नाही.

अखेर असे ठरले, की डोंगी विकायची नाही. मोठ्या नावेत चुलतभावाबरोबर निम्मा वाटा घ्यायचा, आणि तोही पुराच्या महिन्यांचे हप्ते आधी गाठीस बांधल्यावरच. मुलाचा चेहरा थोडा उतरला. पण नाही म्हणण्यासारखे त्याच्यापाशी काही उरले नव्हते.

वाचकहो, आपल्या घरीही यंत्र, दुकान किंवा वाहन घेण्याचा विचार निघतो. तेव्हा भरतीच्या दिवसांची मिळकत सारेच मोजतात. ओहोटीच्या दिवसांचा खर्च मोजणारे एक माणूस प्रत्येक घरात असावे, आणि त्याचे बोलणे ऐकून घेतले जावे.