गहिवर आणि विवेक

काल्याच्या कीर्तनात मांडव गहिवरतो, डोळे पाणावतात आणि कुणीतरी म्हणतेच, "सगळे विश्व देवमय आहे, याला आणखी पुरावा कशाला?" बीड जिल्ह्यात हे गावोगाव ऐकू येते. शहरी बुद्धिवाद्याचे उत्तरही ठरलेले: दुष्काळी मुलूख, ऊसतोडीला जाणारी माणसे, पोट रिकामे, म्हणून देव मोठा.

आधी या उत्तराचा समाचार घेऊ. तहान लागली एवढ्यावरून पाणी आहे असे ठरत नाही, तसे ते नाही असेही ठरत नाही. श्रद्धा कशातून उपजली हे सांगितले म्हणून ती खरी की खोटी याचा निकाल लागत नाही. शिवाय महाशिवरात्रीला परळी वैजनाथाच्या रांगेत बागायतदार असतात, डॉक्टर असतात. त्यांची पोटे भरलेलीच असतात की!

पण म्हणून गहिवर प्रमाण होत नाही. रडू सिनेमातही येते. याच जिल्ह्यातल्या अंबाजोगाईची परंपरा तर नुसत्या भावावर कधीच विसंबली नाही. तिथे समाधी असलेल्या मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' (शके १११०, इ.स. ११८८) अद्वैत मराठीत मांडतो तो तर्काने. तिथल्याच दासोपंतांनी (१५५१–१६१५) सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद पासोडीवर, म्हणजे जाड कापडावर, पंचीकरण लिहिले. पंचीकरण म्हणजे प्रत्येक स्थूल भूतात निम्मा भाग स्वतःचा आणि बाकी चार भूतांचा प्रत्येकी एक अष्टमांश. रसायनशास्त्रापुढे हा हिशेब टिकत नाही, हे उघड आहे. पण जग देवाचे आहे म्हणून त्याची फोड करू नये, असे या माणसाला वाटले नाही, हे महत्त्वाचे.

मग विश्व दिव्य आहे याचा अर्थ काय? माझ्या मते ते विश्वाचे वर्णन कमी आणि मानणाऱ्याने पत्करलेली जबाबदारी जास्त. सर्वांत एकच चैतन्य आहे हे प्रयोगशाळेत सिद्ध होणार नाही, खोडलेही जाणार नाही. मानणाऱ्याच्या वागण्यात मात्र ते तपासता येते, आणि तिथे बीड नापास झाले आहे. २०११च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात जिल्ह्यात हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. कीर्तनाचे सप्ताह तेव्हाही चालूच होते.

कीर्तनकार महाराजांनी अद्वैत सांगताना हा आकडा लोकांपुढे म्हणून दाखवावा, आणि मुलीच्या जन्माला आडवा आलेल्या यजमानाची बिदागी परत करावी.