राज्यमातेच्या गुराख्याचे काय?

३० सप्टेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केले. गोशाळांना प्रत्येक देशी गायीमागे दररोज ५० रुपयांचे अनुदानही मंजूर झाले. स्वागतच! पण तीच गाय रानोमाळ चारणाऱ्या गुराख्याचे काय? अनुदान गोशाळेच्या दारातच थांबते. कुंडलिकेकाठचे नवीन जालना बियाणे नि पोलादाच्या व्यापाराने गजबजले. भोवतीच्या खेड्यांतील गुराख्याला मात्र गायरान शोधत फिरावे लागते. गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच बजावले होते. ऐकले कोणी? गोपाळकाला थाटात साजरा करणारा समाज गोपाळाची मजुरी विचारतो तरी काय? शासनाने गायराने मोजून मोकळी करावीत आणि गुराख्याचे वेतन याच अनुदानात धरावे.