डंबा त्यांचा, माळ आपली

मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाच्या पोटावर तापल्या विळ्याने चटके देतात. त्याला डंबा म्हणतात. धारणी-चिखलदऱ्याकडून अशी बातमी आली की अमरावती-अकोल्यातले आपले व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पेटतात. ‘किती अडाणी लोक!’ तासाभराने त्याच ग्रुपवर ‘आजीबाईचा बटवा’ फॉरवर्ड होतो आणि खाली अंगठ्यांची रांग लागते.

मला चीड येते ती या दुटप्पीपणाची.

आपल्याकडे कावीळ झाली की शिकलेली माणसंही गळ्यात काड्यांची माळ घालून घेतात. माळ रोज लांबते, म्हणजे कावीळ उतरते! प्रत्यक्षात ओल्या काड्या वाळून आक्रसतात, गाठी सैल होतात, म्हणून ती लांबते. दूषित पाण्यातून झालेली कावीळ बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप बरी होते. श्रेय मात्र माळेला. पण पित्तनलिकेत खडा अडकला असेल, किंवा गरोदर बाईला हेपॅटायटिस ई झाला असेल, तर माळेच्या भरवशावर काढलेले दिवस जिवावर बेततात.

डंब्याचं गणितही हेच. बाळाचं पोट पुष्कळदा गॅसने फुगतं, आपोआप उतरतं आणि नाव भुमकाचं होतं. न्यूमोनिया असेल तर तेच बाळ भाजलेल्या पोटाने दवाखान्यात पोहोचतं, तेही उशिरा. फरक एवढाच की त्या आईचा दवाखाना डोंगरापलीकडे असतो, नाल्याला पूर आला की रस्ताच बंद. आपला दोन चौकांवर. मग अडाणी कोण?

सगळा बटवा उकिरड्यावर टाका, असं मी म्हणत नाही. सर्दीला आल्याचा चहा घ्या, बरं वाटतं. साधं मीठ-साखरेचं पाणीच बघा. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ होती, सलाईन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा घातलेलं पाणी पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या आत आलं. ते पाणी जगभर गेलं, कारण कुणीतरी मोजलं होतं: मीठ किती, पाणी किती, माणसं किती वाचली.

म्हणून पुढचा ‘रामबाण उपाय’ आला की पाठवणाऱ्या काकांना तीन प्रश्न विचारा. नेमका आजार कोणता? प्रमाण किती? आणि उतार पडला नाही तर दवाखान्यात किती दिवसांनी जायचं? उत्तर नसेल तर फॉरवर्ड करू नका. वाईटपणा आला तरी चालेल.