होडी घ्याल हो, पण पाण्यात उतरवाल कुठून?

प्रत्येक भाषणात ७२० किलोमीटरचा किनारा, आरमाराचा वारसा. २०२२ साली नौदलाच्या झेंड्यावर शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला, आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. पण त्याच किनाऱ्यावरच्या साध्या माणसाला स्वतःची शिडाची होडी पाण्यात सोडायला हक्काची जागा आहे का? नाही.

हवेत बोलत नाहीये. गेलं वर्षभर आम्ही तिघं मित्र एक जुनी होडी शोधतोय. एंटरप्राइझ म्हणतात ती. १९५६ सालचं डिझाइन, जेमतेम चार मीटर लांब, काठी-शीड सोडून वजन साधारण ९५ किलो. दोन माणसं चालवतात. काठी आडवी केली की ट्रेलरवर बसते, बोलेरोमागे जोडून न्यायची. क्लबवाले नव्या होड्या घेतात तेव्हा जुन्या काढतात, आणि जुन्या बुलेटच्या पैशात सौदा होतो. तेव्हा 'हे श्रीमंतांचे चोचले' हे आधी डोक्यातून काढा.

कुणाला घ्यायची असेल तर चार गोष्टी सांगून ठेवतो. फायबरवर नाण्यानं टकटक करत पुढे जा. आवाज टणक आला तर ठीक, मध्येच बद्द वाजलं तर आतला थर सुटलाय. डेकवर पाय दाबा. मऊ लागलं तर आतलं लाकूड कुजलंय. बाजूच्या हवाबंद टाक्यांची बुचं काढून आत पाणी आहे का बघा, कारण होडी उलटली की त्याच टाक्या तिला तरंगत ठेवतात. काठीला ताणून धरणाऱ्या तारांचा एक जरी धागा तुटून वर आला असेल, तर सगळ्या तारांचा खर्च किमतीतून वजा करा. ट्रेलरची चाकं फिरवून बघा, खारं पाणी बेअरिंग खातं. आणि ट्रेलरचे कागद मागा. मोटार वाहन कायद्यात ट्रेलरसुद्धा वाहनच आहे, त्याची नोंदणी लागते. विकणारा म्हणतो, "कोण विचारतंय?" हायवेवर पोलीस विचारतो.

हे सगळं जमतं. अडतं पुढे.

आमच्या खाडीवर नवा धक्का झालाय. उंच, भक्कम, वर टाइल्स, उद्घाटनाचा दगड. आपल्याकडे मोठ्या भरती-ओहोटीला पाणी दोन-अडीच मीटर खालीवर होतं. त्या धक्क्यावरून होडी सोडायची तर क्रेन लागेल. मासळी बंदरावर उतार आहे, पण तो मच्छीमारांच्या पोटाचा आहे. तिथं बर्फ, डिझेल, जाळी. त्यांच्या वाटेत आपण हौस म्हणून उभं राहणं मला पटत नाही. उरली पुळण. वाळूत ट्रेलर रुतला की दहा माणसं बोलवा.

परवानगीचं विचारायला एका कचेरीत गेलो. पहिला प्रश्न, "इंजिन किती हॉर्सपॉवर?" इंजिन नाही म्हटलं. "मग प्रवासी किती?" प्रवासी नाहीत म्हटलं. साहेबांनी फॉर्म परत दिला. म्हणजे आमच्यासाठी रकानाच नाही! खाड्या-नद्यांपुरतं बोलायचं तर १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ मध्ये नवा अंतर्देशीय जलयान कायदा आला. त्यात बिनइंजिनाच्या होड्यांसाठी वेगळं प्रकरण आहे, स्थानिक पातळीवर नोंद करायची सोय आहे. दिल्लीत कायदा झाला, आमच्या टेबलापर्यंत पोचला नाही.

कुणी म्हणेल, बुडलं कोणी तर जबाबदार कोण? रास्त प्रश्न आहे. मे २०२४ मध्ये उजनीत वादळात बोट उलटून सहा जीव गेले, ते विसरायचं नाही. पण ती माणसं हौसेला गेली नव्हती, पलीकडच्या गावाला निघाली होती. पाण्यावर जाणं आपल्याला चुकत नाही. मग लाइफ जॅकेट सक्तीचं करा, पावसाळ्यात बंदी घाला, पोहण्याची आणि शिडाची परीक्षा घ्या. उतारच बांधायचा नाही, ही सुरक्षा कसली?

आता झोंबणारं. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत नेहा ठाकूरनं सेलिंगमध्ये रौप्यपदक आणलं. कुठली? मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातली, शेतकऱ्याची मुलगी. शिकली भोपाळच्या तलावावर, नॅशनल सेलिंग स्कूलमध्ये. त्या राज्याला समुद्र नाही. त्यांच्याकडे सरकारी होडी आहे, शिकवणारा आहे, पाण्यात उतरायला जागा आहे. आमच्या पोरांकडे अख्खा अरबी समुद्र आहे आणि ती धक्क्यावर बसून रील काढतायत. दोष पोरांचा नाही.

विजयदुर्गाजवळ वाघोटन खाडीत मराठा आरमाराची कातळात खोदलेली गोदी आजही आहे. जहाज पाण्यातून वर घ्यायला आणि परत सोडायला जागा लागते, हे तेव्हाच्या लोकांना कळत होतं.

मागणं मोठं नाही. एक, जिथं नवा धक्का तिथं शेजारी ओहोटीच्या पाण्यापर्यंत जाणारा सिमेंटचा उतार, सगळ्यांना खुला, माफक फी. दोन, बिनइंजिनाच्या होडीची नोंद ग्रामपंचायतीत एका कागदावर. तीन, जिल्ह्यात निदान एका शाळेला चार छोट्या होड्या, जुन्या चालतील, वर सांगितलंय तशा तपासून घ्या.

पुढच्या ग्रामसभेत मी हे लेखी देणार आहे. सोबत सह्या हव्यात. तुमच्या गावच्या धक्क्याला उतार आहे का, फोटोसकट कमेंटमध्ये टाका.