दूरचा संगणक, हातातली किल्ली



संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींच्या घरी सत्राच्या प्रारंभी एक प्रश्न हमखास निघतो : महागडा नवा लॅपटॉप घ्यावाच लागेल काय? बारामतीच्या पेठेतील वा इंदापूरच्या बाजारातील वडील हिशेब मांडू लागतात आणि मुलगी सांगते, "पप्पा, दुकानातला जुना चालेल. वर्गाचं मशीन दुसरीकडंच आहे." हे 'दुसरीकडचे मशीन' म्हणजे काय आणि ते वापरताना कोणती शिस्त लागते, हे घरच्या वडीलधाऱ्यांनीही जाणून घेणे हिताचे आहे.

एका मोठ्या गोदामात भिंती घालून अनेक गाळे काढावेत, प्रत्येक गाळ्याला स्वतंत्र कुलूप असावे, तशी ही व्यवस्था आहे. एका शक्तिमान संगणकाचे आज्ञावलीच्या साहाय्याने अनेक भाग पाडतात. प्रत्येक भाग वापरणाऱ्यास स्वतंत्र संगणकच वाटतो. यालाच व्हर्च्युअल मशीन म्हणतात. कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीने १९७२ मध्येच अशी प्रणाली विक्रीस आणली होती. मूळ यंत्र एक, त्याची रूपे अनेक. द्रव्य आणि पर्याय यांचा विचार ऐकत आलेल्या आपल्या समाजास हे समजावयास कठीण जाऊ नये.

१९६२ मध्ये अनेकांत एज्युकेशन सोसायटीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय बारामतीत सुरू झाले, त्या काळी शिक्षण गावात आणायचे तर इमारत, प्रयोगशाळा, उपकरणे सारे गावातच उभारावे लागे. आज प्रयोगशाळेचा काही भाग गावाबाहेर राहू शकतो. केंद्र शासनाच्या 'व्हर्च्युअल लॅब्स' प्रकल्पात आयआयटींसह पुण्याचे सीओईपीही सहभागी आहे. त्यातील प्रयोग घरबसल्या विनामूल्य करता येतात. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये आपले एक विदाकेंद्र पुण्यात सुरू केले. निमगाव केतकीच्या घरात बसलेला विद्यार्थी ज्या संगणकावर काम करतो, तो शंभर-सव्वाशे किलोमीटरवर असेल किंवा परदेशातही असेल. समोरचा लॅपटॉप केवळ दार उघडण्यापुरता. आकडेमोडीचा भार दूरचे यंत्र वाहते. म्हणून जुना लॅपटॉपही पुरतो.

आता दार उघडण्याविषयी. यासाठी बहुधा एसएसएच ही पद्धत वापरतात. फिनलंडमधील तातू यलोनेन यांनी ती १९९५ मध्ये तयार केली. त्यांच्या विद्यापीठाच्या जाळ्यातून पासवर्ड चोरले गेले होते, त्यावरचा हा उपाय. यात किल्लीचे दोन भाग असतात. सार्वजनिक भाग दूरच्या यंत्रावर ठेवतात, तो कुलपासारखा. खासगी भाग विद्यार्थ्यापाशीच राहतो आणि तो कोणालाही द्यायचा नसतो. प्रथम जोडणी करताना पडद्यावर त्या यंत्राची ओळखखूण दिसते व 'पुढे जायचे का' असे विचारले जाते. अनेक जण न वाचताच होकार देतात. अनोळखी माणसाची हुंडी आपण न पारखता स्वीकारू काय? शिक्षकांनी दिलेल्या खुणेशी ती ताडून पाहावी, मगच पुढे जावे.

दुकानातील संगणक अनेकांच्या हाताखालचा असतो. त्यावर जमाखर्च आणि जीएसटीची विवरणेही असतात. तेव्हा मुलांसाठी त्यावर वेगळे खाते उघडावे, खासगी किल्लीला सांकेतिक शब्दाचे संरक्षण द्यावे आणि ब्राउझरला पासवर्ड लक्षात ठेवू देऊ नये. मित्राला 'एक दिवसापुरता' पासवर्ड देणे हे औदार्य नव्हे. ते यंत्र आपले नाही. महाविद्यालयाने विश्वासाने सोपवलेली ती अनामत आहे. पेढीवरील ठेवीचा अपहार, न्यासापहार, आपल्याकडे सत्याणुव्रताचा अतिचार मानला जातो. सोपवलेल्या यंत्राचे दार परस्पर दुसऱ्यास उघडून देणे त्याच वाटेवरचे आहे. शिवाय त्या खात्यातून काही गैर घडले, तर नोंद आपल्याच नावाची निघते.

या व्यवस्थेचा एक मोठा लाभ आपल्या भागास विशेष आहे. घरची वीज गेली वा इंटरनेट तुटले, तरी दूरचे यंत्र चालूच असते. टीमक्ससारख्या आज्ञावलीत काम सुरू केले असेल, तर ते मध्येच थांबत नाही. पुन्हा जोडून घेतले की जेथे होते तेथून पुढे चालते. केवळ अक्षरांच्या आज्ञा पाठवायच्या असतील, तर इंटरनेटही फार वेगवान लागत नाही. संपूर्ण पडदा पाहायचा झाल्यास मात्र लागतो.

परंतु जे आपोआप थांबत नाही, त्याचे भाडेही आपोआप थांबत नाही. स्वतःच्या खात्यावर यंत्र भाड्याने घेतले असेल, तर ही गोष्ट फार महत्त्वाची. लॅपटॉप मिटला म्हणजे यंत्र बंद झाले, असे नव्हे. अ‍ॅझ्युअर सेवेत तर यंत्र आतून बंद केले तरी भाडे चालूच राहते. नियंत्रणपानावरून ते मोकळे करावे लागते. त्यानंतरही साठवणीचे भाडे पडतेच. म्हणून खर्चाची सूचना देणारी मर्यादा पहिल्याच दिवशी घालावी आणि दिवेलागणीला गल्ला मोजतो, तसे रोज एकदा खाते पाहावे. सत्र संपल्यावर महाविद्यालय ही यंत्रे बहुधा पुसून टाकते; तत्पूर्वी आपले काम उतरवून घ्यावे.

परिग्रहाचे परिमाण बांधून घेणाऱ्या श्रावकास ही रीत परकी वाटू नये : लागेल तेवढे, लागेल तेव्हा घ्यावे आणि काम झाले की परत करावे. महाग यंत्राचे धनी न होताही मुलीचे शिक्षण अडत नाही, हे या तंत्राने दाखवले आहे. मात्र परक्या वस्तूचा हिशेब स्वतःच्या वस्तूहून चोख ठेवावा लागतो. ही सवय आपल्या पेढ्यांना जुनी आहे. ती या नव्या किल्लीसह मुलांच्या हाती द्यावी.